लंडनच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधला दुपारचा फेरा : सातारकरांसाठी क्रमवार माहिती

आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींपैकी बऱ्याच जणांची मुलं लंडनला आहेत. सून बाळंत झाली किंवा नातवाला सुट्टी लागली की आजी-आजोबांची वारी निघते. परत आले की गोल बागेच्या कट्ट्यावर फोटो बघायचा कार्यक्रम होतो. टॅव्हिस्टॉक स्क्वेअर ही शांततेला वाहिलेली छोटी चौकोनी बाग, पण तिचा एकच फोटो असतो : गांधीजींचा पुतळा आणि शेजारी आपले रावसाहेब. "चेरीचं झाड पाहिलं का?" "कुठलं झाड?" "आणि तो मोठा दगड?" "दगड होता खरा, त्यावर पिशवी ठेवली होती."

हे तीन-चार वेळा झालं. म्हणून आता लिहूनच काढतो. मी स्वतः पहिल्या खेपेला चुकलोय, दुसऱ्या खेपेला निम्मं जमलं, तिसऱ्या खेपेला नीट झालं. बाग लहान आहे, घाई केली तर पाच मिनिटांत संपते. नीट केली तर जेवणासकट सव्वा तास लागतो.

## पायरी १ : साताऱ्यातून निघण्याआधी

बूट. विमानात बसायच्या आदल्या दिवशी नवे बूट घेऊ नका. पंधरा दिवस आधी घ्या आणि तेच घालून पोवई नाक्यावरून वरच्या रस्त्यानं राजवाड्यापर्यंत चालत जा. टाच घासली तर इथेच कळेल. लंडनमध्ये बाग लहान असली तरी स्टेशन, जिने, रस्ता ओलांडणं यातच बरंच चालणं होतं. चपलांचा हट्ट सोडा. गवत ओलं असतं आणि मोजे भिजले की सगळा दिवस वाया.

रंगीत तालीम. हे वाचून हसाल, पण करा. गोल बागेत दुपारी साडेबाराला जा, डबा खा, मग सावकाश एक फेरी मारा आणि घड्याळ बघा. आपली सवय दोन टोकांची. एक तर पाय मोकळे करायच्या वेगानं सुटायचं, नाही तर बाकावर बसून हलायचंच नाही. थांबत, वाचत, पुढे सरकत चालणं आपल्याला जमत नाही, ते आधी करून बघावं लागतं.

पेढे. हे नीट वाचा. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. कंदी पेढा म्हणजे निव्वळ खवा. मोती चौकातून किलोभर बांधून घ्याल आणि तो तिकडच्या विमानतळावर टाकून द्यावा लागेल. मुलाला पेढे आवडतात, त्या लेकराचं मन मोडतंय हे मान्य. तरी नेऊ नका. न्यायचाच तर तिखट-मिठाचा कोरडा खाऊ न्या, पण त्यात मांस-दूध नाही याची खात्री करून.

डबा. पातळ रस्सा नको. पहिल्या खेपेला मी सुनेच्या हातची आमटी स्टीलच्या डब्यात घेतली होती. भुयारी रेल्वेत गर्दीत डबा आडवा झाला आणि शेजारच्या गोऱ्या बाईंच्या बुटाशी हळदीचं तळं झालं. बाई काही बोलल्या नाहीत, हसल्यासुद्धा. मी मात्र उतरेपर्यंत मान वर केली नाही. पोळी-भाजीची गुंडाळी, मेथीचे ठेपले, दाण्याची सुकी चटणी हे बरं. सोबत रिकामी पिशवी ठेवा, खरकटं त्यात.

> तपासा : पिशवीत पाण्याची बाटली, बसायला जुन्या पेपरची दोन पानं (बाक ओले असतात), टोपीचं जर्किन, औषधं, मुलाचा पत्ता कागदावर लिहिलेला. महाबळेश्वरचा पाऊस पाहिलेल्या माणसाला तिथला पाऊस म्हणजे शिंतोडे वाटतात, पण वाऱ्यात छत्री उलटी होते. जर्किनच घ्या.

## पायरी २ : दिवस आणि वेळ

बाग अंधार पडायला लागला की बंद होते. उन्हाळ्यात ही अडचण नाही, पण डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. "जेवून, जरा पडून, मग जाऊ" हा सातारी बेत तिथे हिवाळ्यात चालत नाही.

वार शक्यतो कामकाजाचा धरा. आजूबाजूला विद्यापीठाच्या इमारती आणि ऑफिसं आहेत. दुपारी एकच्या ठोक्याला तिथले लोक सँडविच घेऊन बाहेर पडतात आणि बाक भरतात. म्हणून साडेबाराला बागेत पोचायचं. एकला पोचलात तर उभ्यानं जेवाल.

चेरी फुललेली बघायची असेल तर एप्रिल. बाकी चार तारखा लक्षात ठेवा : ३० जानेवारी, १५ मे, ६ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. या दिवशी बागेत स्मरणाचे कार्यक्रम असतात. कार्यक्रम बघायचा असेल तर मुद्दाम जा, निवांत फेरा हवा असेल तर हे चार दिवस टाळा. दोन्ही एकाच दिवशी साधायला गेलात तर धड काहीच होत नाही.

> सावध : त्याच दुपारी ब्रिटिश म्युझियम आणि किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं बाबासाहेबांचं घरही उरकू असा बेत करू नका. म्युझियम तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, ते एक वेळ जमेल. बाबासाहेबांचं घर दुसऱ्या भागात आहे. ज्यांच्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर १९०० हा दिवस आपण राजवाड्यातल्या शाळेत विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो, त्यांच्या घराला निदान एक आख्खी दुपार द्या.

## पायरी ३ : योग्य बागेत पोचणं

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात.

त्या भागात चौकोनी बागा शेजारी-शेजारी आहेत : रसेल स्क्वेअर, गॉर्डन स्क्वेअर, वोबर्न स्क्वेअर, टॅव्हिस्टॉक स्क्वेअर. शिवाय टॅव्हिस्टॉक प्लेस नावाचा रस्ता वेगळाच. आम्ही पहिल्यांदा रसेल स्क्वेअर स्टेशनला उतरलो, समोर बाग दिसली, आत शिरलो आणि अर्धा तास गांधीजी शोधत फिरलो. एक पुतळा सापडला. उंच, अंगरखा घातलेला, एक हात नांगरावर. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "गांधीजी नांगर कधी धरायला लागले?" तो बेडफर्डच्या ड्यूकचा पुतळा होता. नांगर चांगला होता, पण बाग चुकली होती.

दुसरी चूक याहून मोठी. लंडनमध्ये गांधीजींचे दोन प्रसिद्ध पुतळे आहेत. पार्लमेंट स्क्वेअरमधला उभा आहे, तो २०१५ साली बसवला. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधला मांडी घालून बसलेला आहे, तो १९६८ सालचा. टॅक्सीवाल्याला किंवा नातवाला नुसतं "गांधी स्टॅच्यू" म्हणालात की तो पार्लमेंटला नेऊन सोडतो. बागेचं नाव सांगा.

माझा सल्ला : रसेल स्क्वेअरऐवजी यूस्टन स्टेशनवरून या. कारण एकच, स्वच्छतागृह. बागेत ते नाही. यूस्टन स्टेशनात आहे आणि फुकट आहे. आपल्या वयाच्या माणसानं तिथेच मोकळं होऊन पुढे निघावं. लाज कसली?

यूस्टनहून क्रम असा :

1. स्टेशनातल्या दुकानातून फुलांची एक साधी जुडी घ्या. हार शोधत बसू नका.
2. यूस्टन रोड सिग्नलवरच ओलांडा. रस्ता रुंद आहे, आणि तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालत असल्यामुळे आपण गाफील राहतो.
3. समोर कोपऱ्यावर जुनं चर्च दिसेल, ज्याच्या बाजूच्या भिंतीला दगडी बायका डोक्यावर छत धरून उभ्या आहेत. तीच खूण. त्याला डाव्या हाताला ठेवून अपर वोबर्न प्लेस या रस्त्यानं सरळ दक्षिणेकडे.
4. पाचेक मिनिटांत उजव्या हाताला लोखंडी कठड्याची बाग लागते. डाव्या हाताला विटांची मोठी इमारत, डॉक्टरांच्या संघटनेचं बीएमए हाउस. दोन्ही समोरासमोर दिसलं म्हणजे पोचलात.

रसेल स्क्वेअरनंच येणार असाल (हीथ्रोहून पिकॅडिली लाइन तिथे थेट येते) तर स्टेशनातून वर लिफ्टनंच या. जिन्याच्या नादी लागू नका.

> सावध : रस्त्याच्या कडेला उभं राहून हातातल्या फोनवर नकाशा बघू नका. सायकलवरून येऊन फोन हिसकावणारे लंडनमध्ये पुष्कळ आहेत. भिंतीकडे तोंड करून बघा, फोन खिशात घाला, मग चाला. आणि तिथल्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड हाताशी ठेवा.

## पायरी ४ : आधी पोटोबा

मग विठोबा. ही म्हण इथे अक्षरशः पाळायची. उपाशी माणूस पाट्या वाचत नाही, तो पुढची पाटी कधी संपते ते बघतो. शिवाय एकनंतर बाक मिळत नाही.

मधल्या भागात, गांधीजींचा पुतळा दिसेल असा बाक धरा. पेपर पसरा, बसा, जेवा. बागेत डबा खाण्यात वावगं काही नाही, सगळेच खातात. मोठ्यानं बोलू नका, फोनवर स्पीकर लावू नका. खारी आणि कबुतरं पायाशी येतील. त्यांना पोळीचा तुकडा टाकलात की सगळा गोतावळा येतो आणि शेजारच्या बाकावरची माणसं कपाळाला आठ्या घालतात.

हात बाटलीतल्या पाण्यानं धुवायचे तर गवताच्या कडेला, थोडक्या पाण्यात. चूळ भरायची नाही. हे लिहावं लागतंय याचं मलाच वाईट वाटतं, पण लिहावं लागतंय.

> तपासा : उठण्याआधी बाकाखाली बघा. डब्याचं झाकण, चष्म्याचं घर, कवळीची डबी. दुसऱ्या खेपेला माझं चष्म्याचं घर तिथेच राहिलं.

## पायरी ५ : चार थांबे, याच क्रमानं

पहिला थांबा : गांधीजी. पुतळा फ्रेडा ब्रिलियंट या शिल्पकार बाईंनी केला. उघडं अंग, खांद्यावरून ओघळलेलं वस्त्र, मान थोडी खाली. आधी पुढून नाही, भोवती फिरून बघा. मग चौथऱ्याकडे बघा : खालच्या बाजूला कोनाड्यासारखी पोकळ जागा आहे. तिथे लोक फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. तुमची जुडी तिथे ठेवायची. प्लॅस्टिकचं वेष्टण आणि रबर काढून ठेवा, ते आपल्या पिशवीत.

इथे होणाऱ्या चुका : गळ्यात हार घालायला चौथऱ्यावर चढणं, कुंकू लावणं, उदबत्ती पेटवणं, नारळ. हे काहीच नको. आपल्या भावना खऱ्या असतात, पण कुंकवाचा डाग धातूवरून पुसत बसणारा माणूस तिथला बागेचा कामगार असतो.

फोटो काढायचा तो आत्ताच काढून घ्या. पुढे त्याची इच्छा कमी होत जाते.

दुसरा थांबा : हिरोशिमाचं चेरीचं झाड. पुतळ्यापासून लांब नाही. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबमध्ये गेलेल्यांच्या स्मरणार्थ १९६७ साली कॅम्डनच्या महापौर मिली मिलर यांनी ते लावलं. एप्रिल सोडला तर हे झाड चारचौघांसारखंच दिसतं. म्हणून झाड शोधू नका, पाटी शोधा. पण पाटी असलेलं एवढंच झाड नाही. १९८६ च्या आंतरराष्ट्रीय शांतता वर्षानिमित्त लावलेला एक मेपलही बागेत आहे. आमच्यातल्या एकानं त्या मेपलसमोर हात जोडून हिरोशिमासाठी दोन मिनिटं मौन पाळलं होतं. मौन वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पण पाटी वाचायला हवी होती. फांदी वाकवायची नाही, पाकळी पुस्तकात ठेवायला तोडायची नाही. खाली पडलेली उचला.

तिसरा थांबा : तो दगड. बागेच्या उत्तरेकडच्या भागात मोठा, खडबडीत, ओबडधोबड दगड आहे. पिशवी ठेवायला सोयीचा दिसतो, त्यामुळेच घोटाळा होतो. तो कट्टा नाही, स्मारक आहे. इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबायला सांगतो, विशेषतः आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला.

दगड आहे युद्धात शस्त्र हाती घ्यायला विवेकबुद्धीनं नकार देणाऱ्यांचा. त्यावरच्या मजकुराचा आशय असा की, ठार मारायला नकार देण्याचा हक्क ज्यांनी मिळवला आणि जे तो टिकवून आहेत त्यांना हे अर्पण. १५ मे १९९४ ला संगीतकार मायकेल टिपेट यांनी त्याचं अनावरण केलं. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात याच कारणासाठी तुरुंगात जाऊन आलेले.

आता साताऱ्यात घराघरात फौजी. अपशिंग्याच्या नावातच मिलिटरी आहे. आमच्याबरोबर एक निवृत्त सुभेदार होते. मी मजकूर मराठीत सांगितल्यावर त्यांचा चेहरा ताठ झाला. "म्हणजे पळपुट्यांचं स्मारक?" असं सरळ म्हणाले. तुमच्यासोबतही असं कुणी असेल तर वाद घालू नका, एवढंच समजावून सांगा : भारतात सैन्यात जाणं आपल्या मर्जीवर आहे, म्हणून नाही म्हणण्याची वेळच कुणावर येत नाही. ब्रिटनमध्ये १९१६ साली सक्तीची भरती सुरू झाली. जो नाही म्हणाला त्याला चौकशी मंडळापुढे उभं राहावं लागलं, आणि पुष्कळांना तुरुंगात. पहिल्या महायुद्धात असे सुमारे १६,००० लोक निघाले. त्यांतले कित्येक जण आघाडीवर जखमी उचलायचं काम करायला तयार होते, बंदूक फक्त घेणार नव्हते.

सुभेदारांनी ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाले नाहीत. पण दगडावरची माझी पिशवी त्यांनीच उचलून खाली ठेवली. हो, पिशवी माझीच होती.

> सावध : दगड पावसानं निसरडा असतो. टेकू नका, नातवंडांना वर चढवू नका.

चौथा थांबा : ३० नंबरची बस. हा सर्वांत शेवटी. ७ जुलै २००५ ला सकाळी बागेलगतच्या रस्त्यावर, बीएमए हाउससमोर, बसमध्ये बाँबस्फोट झाला आणि १३ जण गेले. त्या दिवशी लंडनभर मिळून ५२. समोरच्या इमारतीत डॉक्टर जमलेले होते, ते धावत बाहेर आले आणि रस्त्यावरच उपचार सुरू केले. बागेतलं स्मारक २०१८ साली उभं राहिलं.

क्रम पाळायला सांगतो तो यासाठी. इथून सुरुवात केली की पुढची झाडं-पुतळे डोक्यात शिरत नाहीत, आणि मध्ये घेतलं तर मंडळी दोनच मिनिटांनी पुन्हा हसत-खिदळत फोटो काढायला लागतात, ते बघवत नाही. इथे फोटोत स्वतः उभं राहू नका. नावं वाचा. कुणाचे नातेवाईक शेजारी उभे असू शकतात.

कोपऱ्यांतले बाकीचे पुतळे, लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचा अर्धपुतळा आणि शल्यविशारद लुइझा ऑल्डरिच-ब्लेक यांचं स्मारक, वेळ उरला तर. दमला असाल तर सोडा.

## पायरी ६ : निघताना

आलात त्याच वाटेनं यूस्टनला परत जा, नवा रस्ता शोधायची हौस मुलगा सोबत असताना भागवा. गुडघे कुरकुरत असतील तर दहा मिनिटं बाकावर बसून मगच रस्ता ओलांडायला उठा.

घरी फोन लावायचा तर बागेच्या आतूनच लावा, फुटपाथवर आल्यावर नको. तिथे दुपारचा एक म्हणजे उन्हाळ्यात साताऱ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. कट्ट्यावर मंडळी जमलेली असतात. व्हिडिओ लावून पुतळा, झाड, दगड फिरवून दाखवा. तिकडून पहिला प्रश्न "जेवलात का?" हाच येतो, त्यामुळे डबा आधी संपवलेला बरा.